लाँग रनमध्ये लक्ष नेमकं कुठे ठेवायचं?

हाफ मॅरेथॉनची (२१ किमी) तयारी सुरू आहे, ८ किमीनंतर कंटाळा येतो, नजर सारखी घड्याळाकडे जाते आणि विपश्यनेतल्यासारखं नाकपुड्यांशी लक्ष ठेवून पळायला गेलं की धाप लागते, असं तुम्ही लिहिलंय. धाप लागणारच. आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं बघणं, ही स्थिर बसून करायची गोष्ट आहे. पळताना हवा नाकातोंडातून मिळेल तशी आत येते. तिथे लक्ष रोखलं की आपण नकळत श्वास 'नीट' घ्यायला लागतो आणि लय मोडते. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये ट्रेडमिलवर हे मोजलंय: वेग तोच असूनही श्वासावर किंवा पावलांच्या हालचालीवर लक्ष असताना ऑक्सिजन जास्त लागला, भोवतालाकडे असताना कमी. म्हणून शरीराची खबर घ्यायची, पण त्याला दुरुस्त करत बसायचं नाही.

आधी पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) तपासा. हाफसाठी जो पेस धरलाय, त्यापेक्षा किलोमीटरला ४५ ते ९० सेकंद हळू पळा. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. बहुतेकांचा 'कंटाळा' म्हणजे फाजील वेगाची दमछाकच असते, आणि त्यावर कुठलंही ध्यान चालत नाही. घड्याळाचा दर किलोमीटरचा अलर्ट बंद करा, वळायची खूण आधीच ठरवा आणि तिथे पोचल्यावरच आकडे बघा.

पहिली १०-१५ मिनिटं काहीच करू नका. अंग गरम होईपर्यंत सगळंच जड वाटतं, त्यावरून धावेचा अंदाज बांधू नका. मग पावलांचा आवाज ऐका. दोन्ही पावलं सारखी वाजतात का? एक जास्त आपटतंय का? मिनिटभर नुसतं ऐका. पुष्कळदा तेवढ्यानेच पाऊल हलकं पडतं. नंतर खांदे, मुठी, जबडा यांच्यावरून एकदा लक्ष फिरवा. आवळलेलं असेल ते सैल सोडा (दुरुस्ती करायची ती एवढीच) आणि लक्ष बाहेर न्या: झाडं, वारा, रस्त्याचा उतार. आत एक-दोन मिनिटं, बाहेर सात-आठ, असं प्रमाण पुरतं. मध्येच ऑफिसचं काम आठवलं, तर आठवलं. लक्षात आलं की पुढच्या पावलापासून परत सुरू.

श्वास मोजायचाच असेल तर जो चालू आहे तो मोजा. निवांत पेसला बऱ्याच जणांचा तीन पावलांत आत, दोन पावलांत बाहेर असा पडतो. वेग वाढला की दोन-दोन. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटासारखा चढ लागला की आकडा आपोआप बदलतो, तो बदलू द्या. तिथे तीन-दोन टिकवायला गेलात तर बरगडीखाली कळ येऊ शकते.

दुखण्याबाबत मात्र काटेकोर राहा. दोन्ही मांड्या, पोटऱ्या सारख्याच भरून आल्या असतील तर पळत राहून बघता येतं. एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशी टोचणी असेल, ती वाढत असेल किंवा तिच्यामुळे चाल बदलत असेल, तर थांबा. छातीत दुखणं, चक्कर, दमट उकाड्यात अचानक थंडी वाजणं, यांकडे 'फक्त बघत' राहायचं नसतं; तिथल्या तिथे थांबून मदत घ्यायची.

आणखी एक. दीड तासाच्या आसपास मन एकाएकी चिडचिडं झालं तर ते बऱ्याचदा पोटात काही नसल्यामुळे असतं. धाव ७५-९० मिनिटांच्या वर जाणार असेल तर तासाला ३० ग्रॅमच्या आसपास कार्ब (कर्बोदकं) लागतात. ती कसर भूक लागायच्या आधीच, ४०-४५ मिनिटांपासून खजूर किंवा एनर्जी जेल थोडं थोडं घेऊन भरून काढा, सोबत पाणी.

हेडफोन एकदम सोडायची गरज नाही. आठवड्यातल्या एखाद्या छोट्या धावेत २० मिनिटं त्यांच्याशिवाय पळा, मग लाँग रनचा पहिला अर्धा भाग. वाहत्या रस्त्यावर मात्र कान कायम मोकळे हवेत, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशी उजवी कड धरा.