परदेशी मूल घरी येतंय: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

विद्यार्थी देवाणघेवाणीच्या कार्यक्रमात आमच्या क्लबकडे ऑगस्टमध्ये जर्मनी आणि ब्राझीलहून दोन विद्यार्थी दहा महिन्यांसाठी येणार आहेत. पहिलीच वेळ आहे. तयारी कुठून सुरू करावी? (स. ना., फोंडा)

शाळेपासून. बहुतेक क्लब आधी यजमान घरं शोधत बसतात आणि इथेच दोन महिने वाया जातात. विद्यार्थी व्हिसासाठी शाळेचं प्रवेशपत्र लागतं. पर्यटक व्हिसावर आलेल्या मुलाला वर्गात बसता येत नाही, आणि 'आधी येऊ दे, मग इथे बदलून घेऊ' हा हिशेब चालत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये मूल यायचं असेल तर प्राचार्यांचं पत्र मार्च-एप्रिलमध्ये हातात हवं.

प्राचार्य कां-कू करतात ती निकालाच्या धास्तीने. हे मूल अकरावीत बसेल, बोर्डाची परीक्षा देणार नाही, शाळेच्या निकालात धरलं जाणार नाही, आणि शाळेने फक्त हजेरी व वागणुकीचा अहवाल द्यायचा, असं लेखी देऊन टाका. शाखा निवडताना विज्ञान टाळा. त्या वर्गातली मुलं संध्याकाळी शिकवणीला पळतात, पाहुण्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. कला किंवा व्यावसायिक शाखेत मैत्री लवकर होते.

मग घरं. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तीन, म्हणजे एका घरी साधारण सव्वातीन महिने. तिन्ही घरं विमानतळावर उतरायच्या आधी ठरलेली हवीत. दुसरं घर 'नंतर बघू' म्हणून ठेवलं की नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष स्वतःच्या भावाला गळ घालतात, आणि भिडेखातर घेतलेलं मूल त्या घरात सुखी होत नाही. शिवाय एक जादा घर असं हवं, जे मध्यरात्री फोन केला तरी दार उघडेल.

घराची पाहणी म्हणजे चहा पिऊन येणं नव्हे. मुलाला स्वतंत्र पलंग आणि कडी लागणारं न्हाणीघर आहे का, हे पाहायचं. घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करायची, त्यात वरच्या मजल्यावर राहणारे काकाही आले आणि मुलाला एकट्याने ने-आण करणारा ड्रायव्हरही. घरातल्या मुलांशी वेगळं बोलायचं. ज्या मुलाची खोली वाटली जाणार आहे त्याला कुणी विचारलेलंच नसतं, आणि पुढची निम्मी धुसफूस तिथूनच निघते.

सरकारी नोंदी दोन. मोपाच्या विमानतळावर उतरा की दाबोळीच्या, मूल घरी पोचल्यापासून २४ तासांत यजमानाने ऑनलाइन नोंद करायची, जिला सगळे 'सी फॉर्म' म्हणून ओळखतात. ती फक्त हॉटेलांसाठी असते हा गैरसमज गोव्यात घट्ट आहे. खासगी घरालाही ती लागू आहे. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे, ई-एफआरआरओ पोर्टलवरून, नोंदणी. घर बदललं की नव्या घराची २४ तासांची नोंद पुन्हा आणि नोंदणीतला पत्ताही बदलायचा. हेच सर्वांत जास्त राहून जातं, आणि परत जायच्या आठवड्यात सापडतं.

मुलावर देखरेख कुणी करायची? यजमान आई-वडील असतातच ना? (मडगाव)

असतात, म्हणूनच वेगळा माणूस हवा. घरातच काही बिनसलं तर मूल ते त्याच घरातल्या माणसाला सांगणार नाही. हा माणूस, म्हणजे समुपदेशक, यजमान कुटुंबातला नसावा, शाळेचा प्राचार्य नसावा, क्लबचा अध्यक्ष नसावा. मुलगी असेल तर समुपदेशक बाईच नेमा.

महिन्यातून किमान एक भेट, समोरासमोर आणि घराबाहेर. म्हापशाच्या बाजारात भजी खाताना मूल जेवढं बोलतं तेवढं दिवाणखान्यात बोलत नाही. 'कसं चाललंय?' विचारलं तर 'छान' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: काल रात्री जेवलास कुणाबरोबर? शनिवारी काय केलंस? घरात कुणाची भीती वाटते का? भेटीची तारीख आणि चार ओळी वहीत लिहा. वर्षअखेरीस एकदम भरलेल्या वह्या लगेच ओळखू येतात, सगळ्या पानांना एकच शाई असते.

छळाची किंवा लैंगिक अत्याचाराची तक्रार आली तर चौकशी समिती नेमू नका, दोन्ही बाजू ऐकत बसू नका. मुलाला त्याच दिवशी त्या घरातून हलवा, पोलिसांना कळवा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावरच्या अशा गुन्ह्याची माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे, 'क्लबचं नाव खराब होईल' ही सबब तिथे टिकत नाही. रोटरीच्या कार्यक्रमात असाल तर मुख्य कार्यालयाला ७२ तासांत कळवण्याचा नियमही आहे. चाइल्डलाइनचा १०९८ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक पहिल्याच दिवशी मुलाच्या फोनमध्ये घाला.

आमच्याकडे आलेली मुलगी तीन आठवडे झाले, नीट जेवत नाही, खोलीत फोन घेऊन बसते. आमचं काही चुकतंय का? (एक यजमान आई, डिचोली)

वहिनी, दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हे बहुतेकांचं होतं. पहिल्या आठवड्याची नवलाई ओसरते आणि घर आठवतं. डिसेंबरात नाताळच्या सुमाराला पुन्हा एक लाट येईल, तीही धरून चाला.

उपाय लाड नव्हे, काम. पाहुण्यासारखं बसवून ठेवलेलं मूल कंटाळतं. खोबरं किसणं, तुळशीला पाणी घालणं, शेजारच्या दुकानातून पाव आणणं, काहीही द्या पण रोजचं द्या. घरी फोन आठवड्यातून ठरलेल्या एका वारी. रोज दोन तास आईशी बोलणारी मुलगी शरीराने डिचोलीत आणि मनाने तिकडेच राहते. मात्र फोन हिसकावून घेऊ नका, वार तिच्याशी बोलून ठरवा.

पहिल्या रात्री विचारायच्या प्रश्नांची यादी असते, ती राहिली असेल तर आता घेऊन बसा: तुम्हाला काय हाक मारायची, प्यायचं पाणी कुठलं, गीझर कधी लावायचा, आतले कपडे कुठे वाळत घालायचे, देवघरात कधी जायचं नाही, फाटकाला कुलूप किती वाजता. सोमवारी-गुरुवारी घरात शिवराक (शाकाहारी जेवण) का असतं हेही सांगा. आदल्या दिवशी आवडीने खाल्लेला बांगडा दुसऱ्या दिवशी ताटातून गायब झाला की मुलाला वाटतं, आपलंच काही चुकलं.

जेवणाचं आणखी एक. अॅलर्जीचा कागद आला असेल तर तो स्वयंपाकघरात भिंतीला लावा. शेंगदाण्याचं कूट, काजू आणि सुकी सुंगटं (कोळंबी) आपल्याकडे न दिसता पदार्थात जातात. सुक्या सुंगटांचं किस्मूर 'म्हणजे फक्त खोबरं' असं समजून खाल्लेल्याला दवाखान्यात न्यावं लागतं. एप्रिलमध्ये काजूच्या बागेत नेलंत तर कच्ची काजूबी हाताळू देऊ नका, सालीतल्या तेलाने कातडी भाजते.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही, झोप उडाली किंवा वजन उतरलं तर समुपदेशकाला कळवून डॉक्टर गाठा.

सतरा वर्षांचा विद्यार्थी म्हणतो, त्याच्या देशात त्याच्याकडे स्कूटरचा परवाना आहे. भाड्याने दुचाकी घेऊ द्यावी? (पर्वरी)

नाही. कार्यक्रमाच्या नियमांत वाहन चालवणं बंद असतं, नियम मोडला तर मूल परत पाठवलं जातं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. त्याला कदंब बसचं वेळापत्रक शिकवा. मागे बसायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी आणि हेल्मेट.

जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी सहा मुलं येतायत. सांजांव (विहिरीत उड्या मारायचा पावसाळी सण) दाखवायचा विचार आहे. (काणकोण)

दाखवा, पण विहिरीत उडी नको. २४ जूनला पाणी चढलेलं असतं आणि तळाशी काय आहे ते काठावरून दिसत नाही. कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून मिरवणुकीत नाचू दे. समुद्रही जून ते सप्टेंबर फक्त बघायचा, गुडघाभर पाण्यातही नाही. तलाव असलेल्या देशातून आलेल्या पोहणाऱ्या मुलांना उलट ओढणाऱ्या प्रवाहाची कल्पना नसते, आणि 'मला पोहता येतं' म्हणणाराच आत जातो. सहलीला सहा मुलांमागे किमान दोन मोठी माणसं, आणि फेणी-बिअरच्या टेबलावर बसलेला मोठा माणूस मोजायचा नाही.

एका मुलाचे पालक क्लबला देणगी पाठवू म्हणतात. घ्यावी का? (वास्को)

परदेशातून देणगी घ्यायला परदेशी अंशदान नियमन कायद्याखाली (२०१०) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर नम्रपणे नकार द्या, कुणा सदस्याच्या वैयक्तिक खात्यात तर मुळीच नको. विमा, तिकीट, सहलीचे पैसे पालकांनी थेट त्या त्या कंपनीला भरावेत. आणीबाणीसाठीचे तीनशे ते पाचशे डॉलर मुलाच्याच कार्डावर राहू द्या, वापरताना मात्र समुपदेशकाची संमती हवी.

मुलगी दहावीत आहे. वर्षभर परदेशी गेली तर वर्ष फुकट जाईल? (साखळी)

बहुधा एक वर्ष मागे पडेल, ते धरूनच निर्णय घ्या. देवाणघेवाणीचं वर्ष सहसा पदवीचं किंवा बोर्डाचं वर्ष म्हणून धरलं जात नाही. दहावी झाल्यावर जाणं सर्वांत सोयीचं, परत येऊन अकरावीला प्रवेश. अकरावीनंतर पाठवणार असाल तर बारावीत परत घेण्याचं उच्च माध्यमिकचं पत्र जाण्याआधी घ्या, तोंडी आश्वासनावर विसंबू नका. प्राचार्य बदलतात.

पासपोर्ट आजच काढून बघा. पंधरा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो, यांतलं जे आधी ते. वर्षाच्या मध्येच संपणारे पासपोर्ट दरवर्षी निघतात. अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला जावं लागेल. युरोपात शेंगेन देशात तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो, पर्यटनाचा नाही. त्याला वेळ लागतो, तेव्हा यजमान शाळेचं पत्र आल्याच्या आठवड्यातच मुलाखतीची वेळ मागा.