सोसायटीच्या झेंडावंदनात झेंडा अडकू नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीत यंदा पहिल्यांदाच १५ ऑगस्टचं झेंडावंदन आहे, आवारात वीस फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा केलाय, पाहुणे बोलावलेत, आणि ऐन वेळी दोरी ओढल्यावर झेंडा उघडलाच नाही तर काय, ही धास्ती आहे.

धास्ती रास्त आहे. झेंडा अडकतो तेव्हा लोक दोरीला नाहीतर कप्पीला दोष देतात, पण बहुतेक वेळा घोळ गाठीचा असतो. ओढली की सुटते ती सुरगाठ मारायची, तिथे ओढली की आवळते ती निरगाठ बसलेली असते.

आधी दोरीचं गणित. खांबाच्या उंचीच्या दुप्पट आणि वर चार-पाच फूट, म्हणजे तुम्हाला ४५ फूट दोरी लागेल. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची घ्या. सुती दोरी पावसात फुगते आणि गाठ आवळून बसते, म्हणून ऑगस्टमध्ये नायलॉनची विणलेली दोरी बरी. कप्पी गंजली असेल तर खांब आडवा करून आत्ताच बदला. खांब उभा राहिल्यावर तेल घालायला वर कोण जाणार?

झेंड्याचं प्रमाण ३:२ ठरलेलं आहे. ठरलेल्या मापांपैकी वीस फुटी खांबाला १३५० × ९०० मिलिमीटरचा शोभतो, गच्चीवरच्या दहा-बारा फुटी खांबाला ९०० × ६०० चा पुरतो. ध्वजसंहितेतल्या, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमांतल्या, ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर विणलेला झेंडाही चालतो. तो भिजला तरी लवकर सुकतो. खादीचा झेंडा फडकताना जास्त देखणा दिसतो, पण पाणी पितो आणि जड होतो. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचा मिळाला तर जरूर घ्या, फक्त पावसाची तयारी ठेवा. प्लास्टिकचा झेंडा मात्र कुठल्याच कार्यक्रमात नको.

झेंड्याच्या दोरीकडच्या कडेला शिवलेल्या नेफ्यातून एक दोरी जाते. तिच्या एका टोकाला छोटी लाकडी दांडी असते, दुसऱ्या टोकाला फास. दांडी केशरी बाजूला, फास हिरव्या बाजूला. एवढं डोक्यात ठेवलं तर झेंडा उलटा लागायचा नाही. बाजारातल्या स्वस्त झेंड्यांना दांडी नसते. तिथे केशरी टोकाला आदल्या दिवशीच लाल दोरा बांधून ठेवा.

खांबाच्या दोरीचं एक टोक कप्पीवरून येऊन दांडीला अडकतं. ही चढवायची दोरी. दुसरं टोक फासाला बांधायचं, ते खाली लोंबतं. ही उघडायची दोरी. पाहुण्यांनी ओढायची ती दुसरी. तिला छातीच्या उंचीवर रंगीत रिबन बांधा, कारण दोन्ही दोऱ्या सारख्याच दिसतात आणि माणूस नेमकी चुकीची धरतो.

आता घडी. दोघांनी झेंडा आडवा ताणून धरायचा, जमिनीला लागू द्यायचा नाही. हिरवा पट्टा पांढऱ्यावर दुमडा. मधोमध, चक्राच्या आसपास पाकळ्या पसरा. त्यावर केशरी पट्टा आणा. लांब पट्टी तयार होईल. मग मोकळ्या टोकाकडून दोरीच्या कडेकडे वीतभर रुंदीच्या निऱ्या घाला, साडीच्या घालतात तशाच. पुष्कळ जण इथे गुंडाळी करतात आणि तिथेच फसतात. गुंडाळी उघडायला वारा लागतो. वारा नसला की झेंडा नळीसारखा लोंबत राहतो. निऱ्या दोरी सुटताच आपोआप पडतात.

पाकळ्या दोन मुठी, त्याहून जास्त नाही. ध्वजसंहितेनुसार राष्ट्रीय सणाला उलगडण्याआधी झेंड्यात फुलांच्या पाकळ्या ठेवायला हरकत नाही. झेंडूच्या सुट्या पाकळ्या सर्वांत बऱ्या. अख्खी फुलं घातली तर एखादं निरीत अडकतं आणि मग पाहुण्यांच्या डोक्यावर टप्पकन पडतं. गुलाबाच्या पाकळ्या ओल्या असल्या की कापडाला चिकटतात. झेंडूही ओला असेल तर पिवळा डाग पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो, म्हणून पाकळ्या रात्रीच कागदावर पसरून ठेवा. खांबालाच झेंडूची माळ गुंडाळायचा मोह होतो, तो टाळा. ज्या खांबावर झेंडा आहे त्यावर किंवा त्याच्या टोकावर हार, फुलं, दुसरं काहीही लावायचं नसतं. चौथऱ्याभोवती हवी तेवढी रांगोळी काढा.

आणि गाठ. निऱ्यांचं पुडकं उभं धरा, दांडी वर. पुडक्याच्या खालून निघणारी उघडायची दोरी पुडक्याच्या मध्याभोवती दोन फेरे घ्या. मग खाली लोंबणाऱ्या भागातूनच दोरी दुमडून चार बोटं लांबीचा फास करा आणि तो फास, फक्त फास, दोन्ही फेऱ्यांखालून सरकवा. लोंबती दोरी खाली ओढली की फास निसटतो आणि फेरे सैल होऊन गळतात. दोरीचं टोक पूर्ण आरपार ओढून घेतलं की झाली निरगाठ. मग ओढाल तितकी ती आवळत जाते. फास दोन बोटांचा ठेवला तर वाऱ्यानेच सुटून झेंडा पाहुणे येण्याआधी उघडतो. तीन-चार फेरे घेतले तर फास सुटला तरी फेरे सुटत नाहीत. बरोबर बसलेली गाठ दोन बोटांनी ओढली तरी सुटली पाहिजे. कमरेच्या उंचीवर, पाकळ्या न घालता, तीनदा सोडून बघा. ही तालीम १४ तारखेच्या संध्याकाळीच करा आणि ज्याच्या हातची गाठ सलग तिन्ही वेळा सुटली, सकाळी त्यालाच बांधू द्या.

पुडकं वर चढवलं की चढवायची दोरी खांबाच्या हुकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तीन-चार वेळा गुंडाळून पक्की करा. ही सैल राहिली तर पाहुण्यांच्या झटक्यासरशी अख्खं पुडकंच खाली येतं. पुडकं रात्री चढवून ठेवू नका, पावसात भिजेल. कार्यक्रमाआधी पंधरा-वीस मिनिटं पुरे.

तरी अडकलाच तर? झटके देत बसू नका. हुकावरची दोरी सोडा, पुडकं हळूच खाली घ्या, हाताने उघडा आणि उघडाच झेंडा वर चढवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तेवढा वेळ लोक थांबतात. कुणा चपळ मुलाला पाइपवर मात्र चढवू नका. राष्ट्रगीत झेंडा वर फडकल्यावरच सुरू करा.

खरं तर गाठीची इतकीच भीती वाटत असेल तर गाठच नको. लाल किल्ल्यावर १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. आधीच वर बांधलेला उलगडायची पद्धत २६ जानेवारीची. सोसायट्यांनी दोन्ही दिवशी दुसरीच उचलली, ती पाकळ्यांच्या हौसेपोटी. उघडा झेंडा झपझप वर नेणं नियमातही बसतं: चढवताना चपळाईने, उतरवताना सावकाश. पाकळ्या पडणार नाहीत, पोरं हिरमुसतील, एवढंच.

वेळेचं म्हणाल तर राज्यातला मुख्य शासकीय समारंभ सकाळी ९.०५ ला असतो, आणि इतर कार्यालयांनी-संस्थांनी आपलं ध्वजारोहण ८.३५ च्या आधी किंवा ९.३५ नंतर घ्यावं असं शासनाचं परिपत्रक सांगतं. मी ९.४५ सुचवेन. मुलं शाळेतलं झेंडावंदन आटोपून, खिशात गोळ्या घेऊन परत आलेली असतात.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे. स्पीकरवर लावायचं की आपण म्हणायचं, हे आधी ठरवा. दोन्ही एकदम केलं की शेवटच्या ओळीला निम्मे लोक पुढे, निम्मे मागे. आपणच म्हणायचं असेल तर सुरुवात करणाऱ्याने सूर खाली धरावा, नाहीतर शेवटचा जयघोष कुणालाच पेलत नाही. दोरी ओढायला नगरसेवकापेक्षा सोसायटीतल्या सर्वांत जुन्या आजी-आजोबांना बोलवा. भाषणं दोन, पाच-पाच मिनिटांची. जिलेबी गार होते.

२०२६ चा १५ ऑगस्ट शनिवारी येतो. सकाळी झेंडा वर, दुपारपर्यंत निम्मी सोसायटी लोणावळ्याच्या वाटेवर, आणि संध्याकाळी उतरवायला कुणीच नाही. जुलै २०२२ पासून नागरिकांना झेंडा रात्रंदिवस फडकत ठेवता येतो, तरी पावसात दोन दिवस भिजून तो चिंध्या व्हायला नको. सूर्यास्ताला उतरवणारं माणूस नावानिशी ठरवा, आणि ते खरंच घरी असणार आहे ना, हे विचारून घ्या.

उतरवलेला झेंडा ओला असेल तर सावलीत पूर्ण वाळवा. ओली खादी घडी घातली की आठवडाभरात बुरशीचे ठिपके पडतात. ठेवायची घडी वेगळी: केशरी आणि हिरवा दोन्ही पट्टे पांढऱ्याच्या मागे दुमडायचे, मग दोन्ही बाजूंनी अशा घड्या घालायच्या की वर चक्र दिसेल. फाटलेला, विटलेला झेंडा पुन्हा लावू नका. तो पूर्णपणे आणि खाजगीत, शक्यतो जाळून, नष्ट करायचा असतो. मुलांच्या हातातले कागदी झेंडे गोळा करायला गेटपाशी एक खोका ठेवा, नाहीतर दुपारी ते पार्किंगमध्ये टायरखाली सापडतात.

झेंडा, दोरी आणि रिबन एकाच कापडी पिशवीत घाला आणि आत चिठ्ठी टाका: दांडी केशरीकडे, दोन फेरे, चार बोटं फास. २६ जानेवारीपर्यंत कमिटी बदललेली असू शकते.