पुण्याहून ऑपरेशन करून सोलापूरला परतल्यावर: पहिल्या तीन महिन्यांची काळजी

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: गुरुबहिणीची (एकाच हिजडा गुरूच्या दुसऱ्या चेलीची) पुण्यात योनीनिर्मितीची शस्त्रक्रिया झाली, आज नववा दिवस. आतलं पॅकिंग आणि लघवीची नळी सातव्या दिवशी निघाली. परवा तिला सोलापूरला आणायचं आहे. डायलेशनला (नवी योनी आकसू नये म्हणून डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी ठरल्या वेळी आत ठेवणं) ती घाबरते, खालच्या टोकाचा एक टाका उसवल्यासारखा दिसतो आणि गुरू गरम तेलाचा शेक द्यायला सांगतायत. युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईवर परत कधी जाता येईल, हेही तुम्ही विचारलंय.

आधी तेलाचं बघू, कारण त्यात घाई आहे. शेक देऊ नका. गुरूंचा सल्ला मायेपोटीच आहे, पण तो निर्वाणाच्या, म्हणजे हिजडा समाजातल्या लिंग-अंडकोष काढण्याच्या, जुन्या रीतीतला आहे. त्या रीतीत नवी योनी नसते. जखम उघडी असते आणि लघवीची वाट बुजू नये एवढीच चिंता असते. इथे आत नाजूक कातडी बसवलेली आहे आणि ती अजून रक्तपुरवठा धरते आहे. तिथली संवेदना बधिर असते, त्यामुळे भाजलेलं कळतसुद्धा नाही. सूज उतरायला शेकापेक्षा थंडावा कामाचा. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी पायांच्या मध्ये, बाहेरून, २० मिनिटं ठेवायची. थेट कातडीवर बर्फ नको.

निर्वाणानंतरची चाळीस दिवस विश्रांतीची रीत मात्र जरूर पाळा, ती सोन्यासारखी आहे. फक्त त्या दिवसांत आरसा न बघण्याचा नियम सोडावा लागेल. आता तळहाताएवढा आरसा हेच तिचं पहिलं हत्यार आहे. गुरूंना हे समोर बसून सांगा, शक्य असेल तर सर्जनशी फोनवर बोलणं करून द्या. घरातली मोठी माणसं बाजूने असली की पुढचे तीन महिने निम्मे सोपे होतात.

प्रवास. निघायच्या दिवशी सकाळी सर्जनला एकदा दाखवूनच निघा. पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर आहे, वाटेत रक्त सुरू झालं तर पंचाईत. रेल्वे बरी, कारण आडवं होता येतं आणि संडास जवळ असतो. खालचा बर्थ घ्या. गाडी करणार असाल तर मागच्या सीटवर कुशीला झोपवून आणा. दर तासाला पायाचे पंजे वीसेक वेळा वरखाली करायला लावा आणि शक्य तिथे चार पावलं चालवा. ऑपरेशननंतर पिंढरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि लांब बसणं तो वाढवतं. स्टेशनवरून घरी रिक्षा सावकाश आणायला सांगा. दुचाकी तीन महिने नाही, एका बाजूला पाय टाकूनसुद्धा नाही.

निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोट मागून घ्या आणि सर्जनकडून एक छोटं पत्र इंग्रजीत लिहून घ्या: कोणती पद्धत वापरली, मूत्रमार्ग आखूड केला आहे, प्रोस्टेट जागेवर आहे, लघवीचं तोंड योनीच्या वर कुठे आहे, नळी घालावी लागली तर कोणत्या मापाची, आणि फोन नंबर. रात्री दोन वाजता सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरने अशी शस्त्रक्रिया कदाचित पाहिलेली नसेल. ते पत्र हातात असलं की चुकीच्या जागी नळी घालण्याचा प्रयत्न होत नाही आणि तिला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत पर्समध्ये.

आता डायलेशन. भीती का वाटते ते समजून घ्या, पण टाळू देऊ नका. शरीराला ही पोकळी जखमच वाटते आणि प्रत्येक जखम भरताना आकसते. पहिल्या तीन महिन्यांत हे आकसणं सगळ्यात जोरात असतं. त्या काळात गेलेली खोली नंतर सहज परत मिळत नाही, कधीकधी दुसरं ऑपरेशन लागतं. (तिची शस्त्रक्रिया आतड्याचा तुकडा वापरून झाली असेल किंवा फक्त बाहेरचा भाग केला असेल तर वेळापत्रक वेगळं असतं. मी लिहितोय ते कातडीच्या पद्धतीचं.) साधारण पद्धत अशी: तीन महिने दिवसातून तीनदा, पुढचे तीन महिने एकदा किंवा दोनदा, मग हळूहळू कमी करत वर्षानंतर आठवड्यातून एकदोनदा, ते कायमचं. आत पूर्ण गेल्यावर कोणी १० मिनिटं सांगतात, कोणी ३०. सर्जनच्या कागदावर जे आहे तेच धरा, इतरांच्या आकड्यांशी तुलना नको.

एक वेळ नीट कशी करायची ते लिहितो. आधी लघवी आणि जमलं तर संडास करून यायचं. मागे मळ साठलेला असला की डायलेटर मध्येच अडतो आणि खोली कमी झाली असं वाटून रडू येतं, नीट पाहिलं तर काहीच कमी झालेलं नसतं. दुखत असेल तर सांगितलेली गोळी अर्धा तास आधी. दुखण्याच्या, दोन औषधं एकत्र असलेल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे वेगळी घेताना दिवसाचा हिशोब ठेवा. हात साबणाने धुवा. खाली अंडरपॅड अंथरा. पाठीमागे सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी करून अर्धवट रेलून बसायचं. एवढी जाड गुंडाळी उशीसारखी खचत नाही. दोन्ही गुडघे वाकवून बाजूला, प्रत्येक मांडीखाली एक टॉवेल, म्हणजे मांड्या थरथरत नाहीत.

पाण्यात विरघळणारी जेली डायलेटरच्या टोकाला आणि योनीच्या तोंडाशी भरपूर लावा. खोबरेल नको, व्हॅसलीन नको. कातडीची योनी स्वतः स्वच्छ होत नाही, तेल आत साचून वास येतो. डायलेटर सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनची जेलीही चालत नाही. मग आरसा धरून तोंड कुठे आहे ते बघायचं. सुजेमुळे पहिल्या दिवसांत ते ओळखू येत नाही आणि टोक लघवीच्या जागेवर टेकतं. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, आणि सोडतानाच्या श्वासाबरोबर टोक आत सरकवायचं. सुरुवातीला दिशा किंचित खाली, माकडहाडाकडे. जघनाचं हाड (ओटीपोटाखालचं समोरचं हाड) ओलांडलं की सरळ. आत टेकलं की हलका, एकसारखा दाब ठेवून थांबायचं. आतबाहेर करायचं नाही, फिरवायचं नाही. ताण जाणवणं आणि थोडं दुखणं ठीक आहे. सुरी खुपसल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा, एक सेंटीमीटर मागे या, चार श्वास घ्या आणि पुन्हा प्रयत्न करा. मोबाइलवर टायमर लावा.

बाहेर काढल्यावर कितव्या खुणेपर्यंत गेला ते वहीत लिहा. ही वही फार मोलाची आहे. एखाद्या वेळी अर्धा सेंटीमीटर कमी दिसलं तर काही नाही. सलग दोनतीन दिवस एक सेंटीमीटरच्या वर कमी येत असेल तर सर्जनला फोन. जाड डायलेटर (संचांत साधारण २८-२९ मिलीमीटरपासून ३८ पर्यंत असतात) सांगितल्याशिवाय घ्यायचा नाही. एक-दोन दिवस चुकलेच तर जोर लावून भरपाई करू नका. लहान मापाने सुरू करून वर या.

डायलेटर साबण आणि कोमट पाण्याने धुवून कोरडा करा. कडक ॲक्रिलिकचा असेल तर उकळू नका, तो वाकतो किंवा तडकतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही आणि बॅरलमध्ये साठवलेलं असतं, म्हणून जखमेसाठी आणि डायलेटरच्या शेवटच्या धुण्यासाठी उकळून गार केलेलं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवा. आतून धुणं कधी आणि कशाने, ते सर्जनने सांगितल्याप्रमाणेच. बेटाडिन आपल्या मनाने घट्ट ओतू नका, भरणारी कातडी जळते. टबात किंवा टाकीत बसून आंघोळ दोन महिने नाही, तांब्याने अंगावर पाणी घ्यायला हरकत नाही. पुसताना नेहमी पुढून मागे.

दोन खोल्यांच्या घरात तीन वेळा दार लावून बसणं अवघड आहे हे मान्य. वेळा पक्क्या करा, म्हणजे पहाटे सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा. मांडणं, धुणं धरून प्रत्येक वेळी पाऊण तास लागतो. घरातल्यांना "ती आत आहे" एवढं पुरे, रोज कारण सांगावं लागू नये.

उसवलेल्या टाक्याबद्दल. योनीच्या खालच्या टोकाला, म्हणजे गुदद्वाराच्या बाजूला, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात टाके थोडे उघडणं खूप वेळा होतं, कारण बसण्याचा आणि पाय फाकण्याचा सगळा ताण तिथेच येतो. जखम आतून वर भरत येते, काही आठवडे लागतात. तिच्यावर पिवळट पांढरा चिकट थर दिसतो, तो बहुतेक वेळा पू नसतो, खरवडू नका. फोटो काढून सर्जनला पाठवा आणि ते थांबा म्हणत नाहीत तोवर डायलेशन चालू ठेवा. खोली गमावण्याचं एक नेहमीचं कारण हेच आहे: टाका उघडा दिसला, घाबरून पंधरा दिवस बंद ठेवलं आणि मग डायलेटर जाईना. पुढे महिना-दोन महिन्यांनी आत लाल, ओलसर, हात लागला की रक्त येणारं मांस वाढू शकतं. ते डॉक्टर सिल्व्हर नायट्रेट लावून जाळतात. काम दोन मिनिटांचं आहे, पण घरी नाही.

पिवळा-तपकिरी स्राव सहा ते आठ आठवडे येतो, डायलेशननंतर रक्ताचे डाग पडतात, लघवीची धार फवाऱ्यासारखी उडते, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त सुजलेली दिसते, मध्येच विजेसारखी चमक उठते. या कशालाही रात्री धावायची गरज नाही. आकार कसा दिसतो याचा निर्णय सहा महिन्यांच्या आत करूच नका.

पण पुढच्या गोष्टींना वाट बघायची नाही. ताजं लाल रक्त तासाभरात पॅड भिजवतंय: आडवं करून स्वच्छ पॅडने न उचलता दाबून धरा आणि तसंच सिव्हिलला न्या. लघवी लागली आहे, पोट दुखतंय, पण चारसहा तास होत नाही. एकाच बाजूला अचानक टणक, ताणलेली सूज. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, किंवा घाण वास आणि पसरत जाणारी लाली. एका पिंढरीत दुखणं आणि सूज, किंवा दम लागून छातीत कळ. आणि योनीतून हवा किंवा मळ येणं. या शेवटच्यात गुदाशयाला भोक पडलेलं असू शकतं. तेव्हा डायलेशन लगेच बंद आणि त्याच दिवशी सर्जनशी बोलणं. लाजेपोटी दोन दिवस लपवू नका.

नवी योनी आणि गुदाशय यांच्यामध्ये पातळ भिंत आहे, म्हणून कुंथणं चालणार नाही. सर्जनने हलकं खायला सांगितलेले दिवस संपले की ज्वारीची भाकरी, पालेभाजी, हुलग्याचं माडगं, अंडी, डाळ. शेंगा चटणी थोडी, तिखट फार नको. रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून, आणि दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट घट्ट करतं. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत पाणी आणखी वाढवा. उकिडवं बसायचा संडास सहा आठवडे टाळा, टाक्यांवर सरळ ताण येतो. कमोडची खुर्ची मेडिकलच्या सामानाच्या दुकानात भाड्यानेही मिळते. मशेरी, तंबाखू, मावा, गुटखा सगळं बंद. लोकांना वाटतं फक्त सिगारेट वाईट. निकोटिन कुठूनही गेलं तरी रक्तवाहिन्या आवळतं आणि बसवलेली कातडी काळी पडून गळू शकते.

हार्मोन्स कधी सुरू करायचे ते विचारून घ्या. अंडकोष गेल्यामुळे टेस्टोस्टेरॉन अडवणाऱ्या गोळ्यांची गरज उरत नाही, पण इस्ट्रोजेन कायमचं बंद ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात. मध्यंतरी बंद असताना अंगातून वाफा येणं, कारण नसताना रडू येणं होतं. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा नाही. मन फारच खचलं तर १४४१६ वर टेलिमानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला) फोन करा, मराठीत बोलतात.

शिलाईचं काम. शरीर सहा ते आठ आठवड्यांत अर्धा दिवस बसायला तयार होतं, रिंगची उशी घेऊन, दर अर्ध्या तासाने उठून. कापडाचे गठ्ठे उचलणं सहा आठवडे नाहीच. पण माझं मत विचाराल तर खरी अडचण बसण्याची नाही, दुपारच्या डायलेशनची आहे. कारखान्यात ते होत नाही आणि कामावर गेल्यावर पहिली चुकते ती हीच वेळ. तीन महिने घरी पीसवर काम मिळत असेल तर ते घ्या. नाहीतर दुपारी दोनच्या आत घरी येता येईल अशी अर्धी पाळी मागा, मालकाला "पोटाचं ऑपरेशन झालंय" एवढं पुरे.

पुण्याच्या तपासणीची पुढची तारीख निघायच्या दिवशीच घ्या आणि जाताना ती वही न विसरता बरोबर न्या.