राजारामपुरीतल्या नव्या प्रोबवाल्याला

भावा, राइप अ‍ॅटलसचा सॉफ्टवेअर प्रोब (नेट कसं चाललंय ते जगभरातून मोजणाऱ्या जाळ्याचा, घरच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम) जुन्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरही झकास चालतोय, नवं मशीन घेऊ नकोस. लॅनची वायरच लाव. वायफायवर ठेवलास तर घरातल्या भिंती मोजशील, नेट नाही. व्हीपीएनही नको.

आधी खासगी कीचा (प्रोबची ओळख पटवणाऱ्या फाइलचा) बॅकअप पेन ड्राइव्हवर घे. पावसाळ्यात आपल्याकडं लाइटचा खेळ चालूच असतो. एसडी कार्ड उडालं तर कीसुद्धा गेली. तीच की दोन मशीनवर चालवायची नाही.

राउटरवर पोर्ट उघडत बसू नकोस, प्रोब स्वतःच बाहेरच्या सर्व्हरला ४४३ नंबरच्या पोर्टवर जोडतो.

हार्डवेअर प्रोब (राइपकडून मिळणारी तयार डबी) आपोआप अपडेट होतो. सॉफ्टवेअर प्रोबचं पॅकेज मात्र तूच अपडेट करायचंस, सर्व्हिस रीस्टार्ट करून ‘कनेक्टेड’ दिसतंय का बघायचंस. बरेच जण इथंच ढिले पडतात. क्रेडिट्सचं (प्रोब चालू ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या पॉइंटांचं) नंतर सांगतो.