न विचारलेला प्रश्न

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, नाशिकच्या कॉलेज रोडवरील माझ्या समुपदेशन कक्षात ४७ वर्षांच्या एक गणिताच्या शिक्षिका आल्या आणि खुर्चीत नीट बसण्याआधीच त्यांनी विचारले, "मॅडम, मला वेड तर लागत नाही ना?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नववीच्या वर्गात समीकरण सोडवताना पुढची पायरी एकाएकी आठवेनाशी होते, छातीत धडधडते, मानेपासून कपाळापर्यंत वाफ चढते आणि आता आपण मुलांसमोर कोसळणार असे वाटते, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या आईची अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली होती. त्यामुळे विसरलेला प्रत्येक शब्द त्यांना त्याच वाटेवर नेणारा वाटत होता.

पहिल्या तीन भेटींत मी हे चिंतेचे झटके समजून काम केले. चौथ्या भेटीत त्या सहज बोलून गेल्या, की निफाडकडची थंडी शहरात उतरलेली, सगळे घर गोधड्यांत गुरफटलेले, आणि त्या मात्र रात्री दोन वाजता उठून पंखा लावतात, तेव्हा अंबडच्या कारखान्यातून सेकंड शिफ्ट करून आलेले पती वैतागतात. तेव्हा कुठे मी विचारले, "पाळी नियमित येते का?" आठ महिन्यांपासून ती कधी पंधरा दिवसांनी, तर कधी दोन महिन्यांनी येत होती आणि आली की अंगावरून खूप जात होते. "हे इथे सांगायचे असते, असे वाटले नाही," त्या म्हणाल्या. त्यांना तसे वाटायलाच हवे होते असे नाही. विचारणे हे माझे काम होते आणि ते मी तीन आठवडे केले नव्हते.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते, आणि त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची पातळी सरळ उतरत न जाता वरखाली होत राहते. मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र त्यामुळे इतके हळवे होते, की किरकोळ उष्णतेलाही ते घाम फोडून उत्तर देते. रात्रीची झोप मोडते आणि दिवसा शब्द वेळेवर सापडत नाहीत. हा विसराळूपणा बहुतेकींच्या बाबतीत स्मृतिभ्रंशाची सुरुवात नसतो, हे ऐकताना त्या बराच वेळ रडल्या. मात्र सगळे हार्मोनवर ढकलून मोकळे होणे हीही चूकच ठरली असती, म्हणून मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तपासण्यांत थायरॉइड ठीक निघाले, पण हिमोग्लोबिन बरेच कमी होते. थकवा आणि धडधड यांतला काही वाटा त्याचाही होता.

या त्रासावर दिल्या जाणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो, असे त्यांच्या नणंदेने बजावले होते. या भीतीचे मूळ २००२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात आहे, आणि त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३, म्हणजे त्यांच्यापेक्षा बरेच जास्त होते, एवढे मी सांगितले. गोळ्या घ्याव्यात की नाही, हा निर्णय समुपदेशकाचा नव्हे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आम्ही दोघींनी मिळून कागदावर लिहिले, कारण तपासणीच्या खोलीत गेल्यावर त्या सगळे विसरत असत.

आमचे खरे काम वाफ आणि तिच्यासोबत येणारा विचार यांना वेगळे करण्याचे होते. झळ आली, की वेळ, ठिकाण आणि मनात आलेले वाक्य त्या वहीत टिपू लागल्या. घरी "झाले सुरू" एवढेच वाक्य येई. वर्गात मात्र "सगळे माझ्याकडे बघत आहेत" हे वाक्य येताच धडधड वाढे आणि दोन-तीन मिनिटांची झळ तास संपेपर्यंत पुरे. विचार आणि वागणे बदलण्याच्या या पद्धतीने, म्हणजे विचार-वर्तन उपचाराने, झळांची संख्या फारशी घटत नाही, पण त्यांचा जाच कमी होतो. त्या खिडकीजवळ उभ्या राहून शिकवू लागल्या, पुढच्या पायऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहू लागल्या आणि एकदा तर "मला उकडते आहे, दोन मिनिटे उदाहरण तुम्ही सोडवा," असे सरळ मुलांना म्हणाल्या. मुलांनी मान खाली घालून उदाहरण सोडवले, कोणीही हसले नाही.

आठव्या भेटीत, निघताना दाराशी थांबून, संबंधांच्या वेळी दुखते हे त्यांनी सांगितले. योनीच्या कोरडेपणावर उपाय असतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि पत्नी आपल्याला टाळते अशी पतीची समजूत झाली होती; दोघांच्या एका एकत्र भेटीत ती दूर झाली. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला पहिल्याच भेटीत पाळी, झोप आणि संबंध यांविषयी मी आता स्वतःहून विचारते.

पाळी सलग १२ महिने आली नाही, तरच ती गेली असे धरतात, आणि त्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच डॉक्टर गाठावा लागतो, हेही त्यांना माहीत होते. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, तेव्हा सात महिन्यांच्या खंडानंतर पाळी पुन्हा आली होती. "मॅडम," त्या हसत म्हणाल्या, "मोजणी परत एकपासून."