व्यंगचित्रकारांनी मोठ्यांसाठी काढलेली चित्रपुस्तकं असतात का? कुठलं आधी वाचू?

असतात की! जेम्स थर्बरच्या 'द लास्ट फ्लॉवर'पासून सुरुवात करा. हा 'न्यूयॉर्कर' या अमेरिकी नियतकालिकाचा व्यंगचित्रकार. पुस्तक १९३९चं, दुसरं महायुद्ध नुकतंच पेटलेलं. गोष्ट मात्र बाराव्या महायुद्धानंतरची. शहरं, बागा, कला सगळं बेचिराख, कुत्र्यांनीसुद्धा माणसाची साथ सोडलेली, आणि उरलेलं एकुलतं एक फूल एका मुलीला सापडतं. मोजके शब्द आणि त्या ओबडधोबड रेषा (एक डोळा लहानपणीच गेला होता बिचाऱ्याचा). चहा निवायच्या आत वाचून होतं.

घरात थकलेले आईवडील असतील, तर व्यंगचित्रकार रॉझ चास्टचं स्वतःच्या म्हाताऱ्या आईवडिलांवरचं, २०१४चं 'कान्ट वी टॉक अबाउट समथिंग मोर प्लेझंट?' घ्या. जाडजूड आहे, पण भरपूर हसवतं. शेवटी मृत्युशय्येवरच्या आईची तिने काढलेली साधी रेखाटनं आहेत. तिथे हसू येत नाही.