गोलमधून बाहेर येताना

प्रिय बाब,

हातमोजे खुंटीला टांगून वाड्यावरच्या पोरांना फुटबॉल शिकवायचं मनावर घेतलंस, बरं केलंस. आधी एआयएफएफचा, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा, प्रशिक्षकाचा डी परवाना काढ, मग सी. गोलकीपर घडवण्याचे वेगळे कोर्स आहेत, त्यांची घाई नको. तू आजवर खेळ मागून पाहिलास. विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्याने, कधी पळायचं हे तुला कळतं; चेंडू पायात घेऊन कसं पळायचं, ते शिकवायला वेगळा अभ्यास लागतो.

माजी गोलकीपरांची एक खोड असते: पहिल्याच दिवशी पोराला गोलमध्ये उभं करून शॉट हाणायचे. पोर डोळे मिटतं, मान वळवतं, आणि ही सवय एकदा जडली की सुटता सुटत नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पाच-सहा मीटरवरून, काखेखालून हातानेच चेंडू दे. चेंडू चार नंबरचा, 350 ते 390 ग्रॅमचा. पाच नंबरचा 410 ते 450 ग्रॅम भरतो. तो त्या बोटांना झेपत नाही. छातीच्या वरचा चेंडू घेताना दोन्ही अंगठे जवळजवळ टेकलेले हवेत, कमरेखालचा घेताना करंगळ्या. अंगठे फाकले की चेंडू हातांमधून थेट तोंडावर. पावसात चेंडू टप्पा पडून घसरतो, म्हणून हातांच्या मागे नेहमी पाय किंवा छाती असू दे.

डाइव्ह शिकवताना खरा धीर लागतो. आधी बसल्या जागेवरून कुशीवर पडायला शिकव, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवं बसून, आणि शेवटी उभ्याने. जमिनीला मांडीची बाहेरची बाजू, कंबर, खांदा या क्रमाने टेकायला हवं. कोपर बरगडीखाली सापडलं की श्वास अडकतो, आणि त्यानंतर ते पोर पडायलाच घाबरतं. जांभ्याच्या मैदानावर हे करू नकोस. कापणीनंतरच्या शेतातही नको. वर ती धसकटं, खाली वाळून दगड झालेली माती. ओहोटीची पुळण उत्तम. म्हापशाच्या धुळेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर लांब पँट घालायला लाव, नाहीतर मांडी सोलवटते.

भारताचे गोलकीपर राहिलेले आपले ब्रह्मानंद शंखवाळकर, त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, तरी आपल्याकडे सगळ्यांत धिम्या पोराला गोलमध्ये ढकलायची रीत काही गेली नाही. तू बारा वर्षांपर्यंत सगळ्यांना आळीपाळीने उभं कर. गोल खाल्ला की त्या क्षणी गप्प राहा. सामन्यानंतर एकच गोष्ट सांग, तीही पाय कुठे होते एवढीच. ‘म्हजो!’ (चेंडू माझा!) ही गोलकीपरची हाक मात्र पाऊल टाकायच्या आधी गेली पाहिजे, उशिरा गेली तर बचावपटू आणि गोलकीपर एकमेकांवर आदळतात.

2025 पासूनचा नियमही घोटून घे. गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांहून जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजतो, तिकडे लक्ष ठेवायला शिकव.

हातमोज्यांच्या तळव्याचं लॅटेक्स (रबर) खेळण्याआधी थोडं ओलं करायला सांग, पकड येते. नंतर कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. पावसाळ्यात बॅगेत तसेच राहिले तर दोन दिवसांत बुरशी धरते.

आणि हलवता येणारे गोलपोस्ट असतील तर सरावाआधी मागच्या दांडीवर वाळूच्या पिशव्या टाक. आडव्या दांडीला लोंबकळणाऱ्याला त्या दिवशी बाहेर बसव, मग तो तुझा सगळ्यांत चांगला गोली का असेना.

तुझा,
एक जुना गोली